कोरड्या आडाचं पाणी

बालाघाटाच्या कुशीतल्या पंधरा-वीस गावांत कुठंही विहीर घ्यायची ठरली की आधी खडकपिंपरीला माणूस धाडला जाई, उत्तरेश्वर पाणाड्याला बोलवायला. उत्तरेश्वर तळहातावर नारळ उभा करत नसे, की हातात उंबराची फांदी धरत नसे. रानातून दोन-तीन फेऱ्या मारायचा, वारूळं कुठं आहेत ते बघायचा, उन्हाळ्यातही कोणतं झाड हिरवं राहिलंय ते बघायचा, मुठीत मुरूम घेऊन चुरगाळायचा आणि एका जागी काठी रोवून म्हणायचा, इथं खणा. बहुतेक वेळा पाणी लागायचंच. पन्नाशीला आला तोवर आसपासच्या रानांतल्या कितीतरी विहिरी त्याच्या शब्दावर खणल्या गेल्या होत्या.

एकच जागा अशी होती की तिच्या बाजूनं जाताना तो नजर दुसरीकडं वळवायचा. गावातून खाली धनगरवाड्याकडं उतरणाऱ्या माळावर एक कोरडा आड होता. बाविसाव्या वर्षी त्यानं रोवलेली ती पहिली काठी. एकाच्या खांद्यावर एक अशी सहा माणसं उभी राहतील एवढं खोल तो गेला होता, काळा पाषाण सुरुंगानं फोडला होता, आणि पाण्याचा थेंब लागला नव्हता. पुढं त्यानं एवढं नाव कमावलं, तरी गावातली माणसं त्या खड्ड्याला उत्तरेश्वरचा आड म्हणायची आणि म्हणताना हसायची.

त्या वर्षी आषाढात गावात पटकी शिरली आणि नऊ दिवसांत सव्वीस माणसं घेऊन गेली. दिवाळीनंतर तालुक्याहून सफाईचे दरोगे आले. मीरांसाहेब त्यांचं नाव. साठीकडं झुकलेले, तट्टावरून उतरताना गुडघ्यावर हात ठेवणारे, दख्खनी आणि मराठी एकत्र करून बोलणारे. चावडीत गाव जमा झालं. मीरांसाहेबांनी सांगितलं की सारं गाव ओढ्याच्या काठानं परसाकडं जातं आणि त्याच ओढ्यात भांडी घासतं. हे थांबलं नाही तर पुढच्या आषाढातही हेच होणार. संडास बांधा, असा सरकारचा हुकूम आहे. कसा बांधायचा ते गावानं ठरवावं, फक्त गावाला झेपेल असा असावा.

एक तऱ्हा विटा-चुन्याच्या पक्क्या हौदाची होती. तिचा खर्च ऐकूनच लोकांनी माना हलवल्या. दुसरी बीड शहरातल्यासारखी टोपलीच्या संडासाची. खाली टोपली ठेवायची आणि रोज कुणीतरी ती डोक्यावरून उचलून न्यायची. ती कुणी उचलायची, हा प्रश्न निघताच मोहनराव पाटलांची नजर चावडीच्या पायऱ्यांखाली बसलेल्या सटवाकडं गेली. सटवा म्हणजे महारवाड्यातला वडीलधारा माणूस. तो उठून उभा राहिला.

"पाटील, गावची मेलेली ढोरं आमी वढतो," तो म्हणाला. "ह्ये आमच्यानं व्हनार न्हाई."

पाटील काही बोलणार तोच मीरांसाहेबांनी कागदावरची ती ओळ खोडली. शहरात हे काम करणाऱ्यांचे हाल मी रोज बघतो, ते खेड्यात आणायला मी आलेलो नाही, एवढंच ते म्हणाले.

उत्तरेश्वरच्या मनात तेव्हा एक पोरगी होती. धनगरवाड्यातल्या रतनबाईची सून, अंजना. आदल्याच दिवशी ती त्याच्या अंगणात आली होती. त्याची बायको भिवराबाई हिच्या शेजारी बसून, पदर सावरत, ती त्याला म्हणाली होती की मामा, चावडीत बायका येत नाहीत, तेव्हा आमचं तुमीच सांगा. दिवस उगवायच्या आत गेलं तर ठीक, नाहीतर दिवसभर पोट धरून बसावं लागतं. तिच्या थोरल्या जावेला परसाकडं जायच्या वाटेवर फुरसं चावलं होतं. काही करा, पण चार भिंतींचा आडोसा करा, असं म्हणून ती त्याच्या पाया पडली होती.

"आपला कोरडा आड हाय की," उत्तरेश्वर म्हणाला.

त्यानं समजावून सांगितलं. सहा परस खोल, सगळा काळा पाषाण. तोंडावर बाभळीच्या तुळया टाकायच्या, त्यावर फरशा, फरशांत भोकं, आणि भोवती तुराट्यांचा कूड. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. तीस वर्षं भरायचा नाही. खर्च म्हणाल तर आठ दिवसांची हातमेहनत. लोकांचे चेहरे उजळले. मीरांसाहेब स्वतः जाऊन आडात डोकावून आले आणि त्यांनी उत्तरेश्वरची पाठ थोपटली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या आडावरून कुणी हसलं नव्हतं. उत्तरेश्वरला त्या दिवशी भाकर गोड लागली.

मार्गशीर्षात संडास उभा राहिला. पहिल्या दिवशी बायका लाजून जाईनात, तेव्हा अंजनाच पुढं झाली आणि बाहेर येऊन बाकीच्यांना हाका मारू लागली. तिचा नवरा धुळाजी तेव्हा मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला गेला होता. दरवर्षी दिवाळीनंतर जायचा तो ज्येष्ठातच परत यायचा. महिन्याभरात ओढ्याचा काठ स्वच्छ झाला. तालुक्याहून पाटलांना शाल आणि शाबासकीचा कागद आला. कागदात उत्तरेश्वरचंही नाव होतं. ते उर्दूत होतं, म्हणून त्यानं पटवाऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

महाशिवरात्रीला गावातली काही माणसं परळीच्या जत्रेला गेली होती. परत आल्यावर वरच्या आळीतल्या दोघांना जुलाब-उलट्या झाल्या आणि चार दिवसांनी ते बरे झाले. त्याच सुमाराला, फाल्गुन लागताना, अर्धी घटका अवकाळी पाऊस पडून गेला. पाऊस कसला, माळावरची धूळ वाहून गेली एवढंच.

पाचव्या दिवशी धनगरवाड्यात पटकी लागली.

भिवराबाई आणि उत्तरेश्वर धावत खाली गेले तेव्हा अंजना सोप्यात पडलेली होती. आदल्या सकाळी डोईवर दोन घागरी घेऊन चालणारी ती पोरगी त्याला ओळखू येईना. डोळे आत गेले होते, गालांची हाडं वर आली होती, बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती. एका दिवसात माणसाचं असं होतं, हे त्यानं आषाढात बघितलं होतं. ती पाणी मागत होती. रतनबाईनं घागरीतून तांब्या भरला, पण सुनेची मान उचलून धरणं तिला एकटीला जमेना. उत्तरेश्वरनं तो तांब्या घेतला, अंजनाच्या मानेखाली हात घातला आणि तिला पाणी पाजलं. ती सगळा तांब्या प्यायली. "अजून द्या, मामा," म्हणाली. त्यानं आणखी एक पाजला. दिवस कलला तेव्हा ती गेली.

धनगरवाडा बारा घरांचा. बारा घरांतली नऊ माणसं गेली. वरच्या गावात एकही दगावलं नाही. पाटील म्हणाले, धनगरांनीच जत्रेतून दुखणं आणलं असणार. कुणी म्हणालं मरीआईला काही कमी पडलं. संडास असूनही असं कसं झालं, हे उत्तरेश्वरला कळत नव्हतं. ओढ्याचा काठ तर कोरडा ठणठणीत आणि स्वच्छ होता.

अंजनाच्या दहाव्याला तो गेला. रतनबाई भिंतीला टेकून बसली होती. माणसं बसली की काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात, तसं ती पावसापाण्याचं बोलू लागली. एवढ्या उन्हातही वाड्याच्या विहिरीला पाणी बरं आहे, देवानं तेवढी तरी दया केली, असं म्हणाली.

"त्या दिवशी पाऊस आला न्हवं, दुसऱ्या दिवशी हीर हातभर चढली," ती म्हणाली.

उत्तरेश्वरनं मान वर केली. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की हातभर का. रतनबाई म्हणाली की खालून तिसरी पायरी बुडाली होती, तिनं स्वतः बघितलं. तो उठला.

पाणी जन्मभर वाचलेल्या माणसाला हे पटेना. अर्ध्या घटकेच्या पावसानं विहीर एका दिवसात चढत नाही. तो वरच्या गावाच्या बारवेवर गेला आणि पाणी भरणाऱ्या बायकांना विचारलं. बारव बोटभरही चढली नव्हती. मग तो माळावर आला आणि पावसाचा ओघळ कुठून कुठं गेला ते बघत चालू लागला. धुळीत वाळलेल्या चिखलाची रेघ स्पष्ट होती. ती सरळ संडासाच्या कुडाकडं गेली होती. आडाच्या तोंडाला घातलेला मातीचा बांध त्या बाजूनं फुटला होता. माळावरचं सगळं पाणी आत पडलं होतं.

तो तिथंच खाली बसला. तीस वर्षांपूर्वीची दुपार त्याच्या डोळ्यांपुढं आली. आडाच्या तळाशी, खालच्या अंगाला, हात घालता येईल एवढी भेग होती. खणणारी माणसं दमली की त्या भेगेला तोंड लावून बसायची, कारण तिच्यातून गार वारा यायचा. कंदील जवळ नेला की ज्योत हलायची. तेव्हा त्यानं त्यांना सांगितलं होतं की आत पोकळ आहे, पाणी नाही. पाणी नाही एवढंच त्याला दिसलं होतं. जिथून वारा येतो तिथून काहीही जाईल, हे त्याला तेव्हाही कळायला हवं होतं, आणि चावडीत तोंड उघडताना तर कळायलाच हवं होतं. भेग त्याला आठवली कशी नाही, हे तो स्वतःला विचारत राहिला. खरं तर आठवायची त्याची इच्छाच नव्हती. त्या आडाला कुठल्यातरी कामाला लावायचं, एवढंच त्याला हवं होतं.

त्यानं रतनबाईला निरोप दिला की आठ दिवस वरच्या बारवेचं पाणी न्या, सगळ्या वाड्यानं न्या. कावून, असं तिनं विचारलं, तर मग सांगतो म्हणाला. खरं कारण सांगायची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी तो सिरसाळ्याच्या बाजाराला गेला आणि लुगडी रंगवायच्या किरमिजी रंगाच्या, दुकानात होत्या तेवढ्या सगळ्या पुड्या घेऊन आला. भिवराबाईला त्यानं सगळं सांगितलं. तिनं पुड्या मोजल्या नाहीत, की किती पैसे गेले ते विचारलं नाही.

"आन लाल झालं तर?" तिनं विचारलं.

तो घागर आणायला उठला.

दोघांनी मिळून रंग घागरीत कालवला, संडासाच्या भोकांतून आत ओतला आणि वरून बारवेचं पाणी ओतत राहिले, खांदे भरून येईस्तोवर. मग उत्तरेश्वर धनगरवाड्याच्या विहिरीवर जाऊन बसला. घटका-घटकेला तो पोहरा सोडायचा, वर ओढायचा आणि पाणी ओंजळीत घेऊन बघायचा. पहिला दिवस पाणी स्वच्छ आलं. दुसरा दिवसही स्वच्छ. संध्याकाळी घरी जाताना त्याच्या छातीवरचा दगड जरा हलला. आपण उगाच भ्यालो, पाषाणातून काय जातंय, असं तो भिवराबाईला म्हणाला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

तिसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर आला असताना त्यानं पोहरा वर ओढला. पाणी जरा वेगळं दिसलं. उन्हाची तिरीप असेल, असं वाटून त्यानं पोहरा सावलीत नेला. मग धोतराचा पांढरा सोगा पाण्यात बुडवून पिळला.

सोगा गुलाबी झाला होता.

त्यानं पुन्हा पोहरा सोडला. या वेळी सोगा बुडवायची गरज नव्हती. पोहऱ्यात नुसतं बघूनच कळत होतं. एखाद्या नव्या लुगड्याचं पहिलं पाणी निघावं तसं ते पाणी होतं. ही विहीर, ही बारा घरं, घागरी, तांबे, भाकरीचं पीठ मळायला घेतलेलं पाणी, सगळं एकामागून एक त्याच्यासमोरून गेलं. तीन महिने वरचं सगळं गाव त्या भोकांवर बसत होतं, आणि खाली ही माणसं ते पीत होती. ओढ्याचं निदान डोळ्यांना दिसायचं. हे कुणाला दिसलंच नव्हतं.

रतनबाई मागं येऊन उभी राहिली होती, ते त्याला कळलं नाही.

"ह्ये काय हाय?" तिनं विचारलं.

त्यानं तिला सांगितलं. रंग कुठं टाकला, भेग कुठं आहे, ती त्याला कधीपासून ठाऊक होती, सगळं सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर तिनं पोहऱ्यातल्या पाण्याकडं बघितलं.

"तिला तांब्या तूच धरलास," ती म्हणाली.

ती वळून घरात गेली. थोड्या वेळानं मडकी फुटल्याचे आवाज येऊ लागले. एक, मग दुसरं, मग शेजारच्या घरातलं. उत्तरेश्वर पोहरा धरून तिथंच उभा राहिला. तो तांब्या त्याच्या हाताला अजून जाणवत होता. ओला, गार, आणि अंजनाच्या दातांवर किंचित आपटलेला.

पोहऱ्यातलं पाणी त्यानं एका बाटलीत भरून घेतलं आणि तिथून तो सरळ पाटलांकडं गेला. मोहनरावांनी बाटलीतलं गुलाबी पाणी बघितलं आणि दार लोटून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की नऊ माणसं गेली ती गेली. आता बोंब मारून ती परत येणार नाहीत. आड हळूच बुजवून टाकू, कुणाला कारण सांगायची गरज नाही. तालुक्यानं दिलेली शाल आणि कागद, दोन्ही गावाची अब्रू आहे. उत्तरेश्वर म्हणाला की मी दरोग्यांना सांगणार. तेव्हा पाटलांचा आवाज बदलला.

"हिरीत रंग तूच टाकलास, असं मी म्हनेन. कोन इस्वास ठेवतो बघू."

पाटील असं म्हणू शकतात, याचा उत्तरेश्वरला धक्का बसला. लहानपणी दोघं एकाच ओढ्यात पोहले होते. पण या आठवड्यात त्याला एवढे धक्के बसले होते की हा त्यात बुडून गेला. त्यानं बाटली फडक्यात गुंडाळली आणि तालुक्याची वाट धरली. नऊ कोस. वाटेत तो कुठंही पाणी प्यायला नाही.

मीरांसाहेब घराच्या ओट्यावर बसले होते. उत्तरेश्वरनं बाटली त्यांच्यापुढं ठेवली आणि जे घडलं ते सांगितलं. बाटली उचलून त्यांनी उजेडासमोर धरली. मग ती खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसू लागले.

"उत्तरेश्वर," ते म्हणाले, "सात गावांना कागद गेला. कोरडे आड वापरा म्हणून. मी तुमचंच नाव लिहिलं."

उत्तरेश्वरला ते नीट कळायला वेळ लागला. त्याला वाटलं होतं की जे वाईट व्हायचं ते होऊन गेलं. सात गावं. कोणती गावं, असं त्यानं विचारलं, आणि मीरांसाहेब एकेक नाव घेत गेले तशी त्याला प्रत्येक गावची जमीन दिसत गेली. सातही गावांत त्यानं विहिरी दाखवल्या होत्या. कुठं मुरूम, कुठं पाषाण, कुठं भेगा, सगळं त्याला ठाऊक होतं.

नवा कागद कचेरीतून निघायला पंधरा दिवस लागणार होते. मीरांसाहेबांनी तेवढं थांबायचं नाही असं ठरवलं. पहाट व्हायच्या आधी त्यांनी तट्टावर जीन घातलं. उत्तरेश्वर पायी. पहिल्या तीन गावांत नुसत्या तुळया येऊन पडल्या होत्या. तिथल्या पाटलांनी बाटली बघितली आणि काम थांबवलं. पुढच्या तिन्ही गावांत संडास चालू झाला होता, पण आडाखालच्या उतारावर विहीर नव्हती. तरीही त्यांनी ते बंद करवले. प्रत्येक गावात उत्तरेश्वर चावडीपुढं उभा राहून म्हणायचा की ही जागा माझ्या नावानं सांगितली गेली आणि मी चुकलो. माझ्या गावात नऊ माणसं मेली. हे त्यानं सहा वेळा सांगितलं. सहाव्यांदाही त्याची जीभ पहिल्याइतकीच जड होती.

सातवं गाव घाटाखाली होतं. भरदुपारी ते वेशीत शिरले तेव्हा कुणीही भेटलं नाही. पहिल्या घराच्या ओट्यावर एक पन्नाशीची बाई बसली होती. पाहुणे उन्हातून आलेले बघून ती उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. कुठून आलात म्हणून तिनं विचारलं. खडकपिंपरी हे नाव ऐकल्यावर तिच्या थकलेल्या तोंडावर थोडं हसू आलं.

"ते पाणाड्या तुमच्याच गावचे न्हवं?" ती म्हणाली. "त्यांनी सांगितलेला संडास लई सोयीचा झाला बाई-मानसांना. त्याला आमी उत्तरेश्वरच म्हंतो. पन औंदा गावावर लईच वाईट दिस आलेत. परवापासून अकरा जनं गेली."

ती तांब्या पुढं करून उभी होती. उत्तरेश्वरनं पाण्याकडं बघितलं. ते नितळ होतं. तळाशी पितळेची नक्षी दिसत होती. त्यानं तिच्या हातातून तांब्या हिसकावून घेतला आणि उपडा केला. बाई घाबरून मागं सरकली. तो त्या ओट्यावर कोसळला. मीरांसाहेबांनीच तिला सगळं सांगितलं, घराघरांत जाऊन घागरी उलट्या करवल्या आणि पाणी उकळून प्या म्हणून बजावलं. त्या गावात आणखी पाच माणसं गेली. मग थांबलं.

ही बातमी खडकपिंपरीला पोचली त्याच दिवशी मोहनराव पाटलांनी आड बुजवायला वीस माणसं लावली. शाल त्यांनी पुन्हा कधी अंगावर घेतली नाही. त्यांनी उत्तरेश्वरची माफी मागितली नाही, आणि उत्तरेश्वरलाही ती नको होती.

पण आड बुजला तशा बायका पुन्हा अंधारात ओढ्याकडं जाऊ लागल्या. मीरांसाहेब चावडीत आले तेव्हा कुणालाही काही सुचवायची हिंमत होईना, उत्तरेश्वरला तर नाहीच. तेव्हा रतनबाई चावडीच्या पायऱ्या चढून आली. तिथं बाई कधी चढली नव्हती. पटवारी उठून उभा राहिला, पण मीरांसाहेबांनी त्याला खाली बसवलं.

रतनबाईनं आपल्याला ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. आमची मेंढरं शेतात बसवतात, खतासाठी. लेंडी वरच्या मातीत पडते आणि पावसाळा सरला की शोधून सापडत नाही; माती ती खाऊन टाकते. तीच लेंडी आडात पडली तर वर्षभर तशीच राहते.

"खोल कशाला जाता?" ती म्हणाली. "वरची माती जित्ती हाय. खालचा खडक मेलेला हाय. त्यो काय खानार?"

उत्तरेश्वरनं मान वर केली. तीस वर्षं तो खडकाच्या आत काय आहे ते बघत होता आणि वरची हातभर माती पाण्याच्या वाटेतली अडचण म्हणून बाजूला लोटत होता. त्यानं बोलायची परवानगी मागितली. कोणत्या रानात माती कमरेएवढी खोल आहे, कुठून कोणत्याच विहिरीकडं उतार नाही, ते त्यानं सांगितलं. तिथं हातभर खोल चर खणायचे, चार-चार घरांना एक. उचलून नेता येईल असा तुराट्यांचा कूड. जाऊन आल्यावर मूठभर राख आणि खोरंभर माती. चर भरला की बुजवून पुढं सरकायचं, आणि वर्षानं तिथं पेरायचं. दोष एवढाच की दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवा चर खणायला हवा. सटवानं पायऱ्यांखालून विचारलं की तो कुणी खणायचा. ज्याचा त्यानं, असं रतनबाई म्हणाली, आणि मीरांसाहेबांनी तसंच लिहून घेतलं.

पहिला चर उत्तरेश्वरनं स्वतः खणला, धनगरवाड्यासाठी. रतनबाईनं त्याला हाक मारली नाही की अडवलंही नाही.

ज्येष्ठ लागला आणि धुळाजी मेंढरं घेऊन परत यायला निघाला. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं. गंगथडीला निरोप पोचलाच नव्हता. उत्तरेश्वर दोन दिवस शिवेवर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी धुळीचा लोट दिसला, मग मेंढरं, मग खांद्यावर घोंगडी टाकलेला धुळाजी. मामाला शिवेवर बघून तो हसला आणि लांबूनच विचारलं, सगळी बरी आहेत न्हवं.

उत्तरेश्वरनं त्याला सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. आड, भेग, विहीर, तांब्या. धुळाजीचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. मेंढरं त्याच्या पायांभोवती घुटमळत राहिली. त्यानं एकदाच विचारलं.

"पानी मागितलं व्हतं तिनं?"

"दोनदा," उत्तरेश्वर म्हणाला.

धुळाजीनं काठी उचलली. उत्तरेश्वर जागचा हलला नाही. ती आपल्या डोक्यात बसावी असंच त्याला वाटत होतं. पण धुळाजीनं ती मेंढरांकडं फिरवली, कळप वळवला आणि गावाला वळसा घालून, विहिरीकडं न जाता, ओढ्याच्या वाटेनं निघून गेला. पुढं तो घरी राहिला, आईला सांभाळलं, आपल्या पाळीचे चरही खणले. उत्तरेश्वरशी मात्र तो पुन्हा कधी बोलला नाही, आणि उत्तरेश्वरनंही त्याची वाट कधी अडवली नाही.

उत्तरेश्वर पुढं बारा वर्षं जगला. विहिरीची जागा दाखवायला बोलावणं आलं तर जायचा, पण काठी रोवायच्या आधी गावाचे चर कुठं आहेत ते विचारायचा, आणि स्वतः चालत जाऊन बघून यायचा. जागा दाखवल्याबद्दल मिळणारा नारळ आणि दक्षिणा त्यानं त्या फाल्गुनापासून घेतली नाही.